नकलेच्या पलीकडचे निळू फुले

एखाद्या नटाची नक्कल गावोगाव होऊ लागली, की तो लोकांच्या मनात घर करून बसला असे मानले जाते. मात्र नक्कल नटाचे एकच अंग उचलते आणि बाकीची विस्मरणात ढकलते. निळू फुले यांच्या बाबतीत नेमके हेच घडले. घशात घोटाळणारा खर्जातला आवाज, तिरपी नजर आणि परस्त्रीला वाड्यावर बोलावणारा पाटील, एवढ्यावरच त्यांची ओळख स्नेहसंमेलनांतून आणि विनोदी कार्यक्रमांतून फिरत राहिली. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. मागे राहिलेली त्यांची कारकीर्द मात्र या नकलेत मावणारी नाही.

चित्रपटाचे कथानक नायकाभोवती फिरते. त्या कथानकातला समाज उभा करण्याचे काम चरित्र अभिनेत्याकडे येते. हे काम करण्याचे मार्ग वेगवेगळे असतात. इंग्लंडचे ॲलेक गिनेस यांनी १९४९ मधील ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ या चित्रपटात एकाच घराण्यातील आठ व्यक्ती रंगवल्या. रंगभूषा, चाल, वय सारे बदलून माणूस बदलण्याची ती रीत होती. निळूभाऊंनी चेहरा फारसा बदलला नाही. धोतर-टोपी किंवा सदरा-पायजमा, तोच आवाज, तीच अंगकाठी. तरीही आतला माणूस दर वेळी निराळा असे.

ही जाण त्यांना कोणत्या नाट्यविद्यालयात मिळाली नाही. तरुणपणी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात ते माळीकाम करीत आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात भूमिका करीत. कलापथकाच्या प्रयोगात समोरचा प्रेक्षकच नटाचा खरा परीक्षक असतो. वगातील हजरजबाबीपणा, शब्दाला शब्द जोडण्याची लकब आणि योग्य क्षणी थांबण्याचे भान त्यांनी तेथेच कमावले. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले. त्यानंतर अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) या चित्रपटातील झेलेअण्णांच्या भूमिकेने त्यांना पडद्यावर आणले.

हा काळ ध्यानात घेतल्याशिवाय त्यांच्या खलनायकाचे मर्म उलगडत नाही. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. पाठोपाठ साखर कारखाने, सोसायट्या, बाजार समित्या आणि शिक्षणसंस्था यांचे जाळे ग्रामीण भागात पसरले. या संस्थांनी शेतकऱ्याला बळ दिले, त्याचबरोबर गावात सत्तेची नवी आसनेही निर्माण केली. मराठी चित्रपटातला जुना दुष्ट सावकार आता अपुरा पडू लागला होता. निवडून येणारा, हात जोडून बोलणारा, उपकार करीत करीत माणूस बांधून घेणारा पुढारी पडद्यावर येणे बाकी होते. तो निळू फुले यांनी आणला. त्यांचा खलनायक क्वचितच ओरडतो. आवाज चढवण्याची गरजच नसणे, हीच त्याच्या सत्तेची खूण आहे.

म्हणूनच हा पाटील एका भागापुरता राहिला नाही. त्याची बोली पश्चिम महाराष्ट्राच्या वळणाची होती. केळीच्या व्यापारासाठी ओळखल्या जाणाऱ्या रावेर तालुक्यातील सावद्याला घरोघरी कानावर पडते ती लेवा गणबोली. तिचे हेल आणि शब्द निराळे. परंतु सावदा-फैजपूर परिसरालाही सोसायटी, बाजार समिती आणि सहकारी साखर कारखाना यांचा परिचय होताच. बोली परकी असली तरी खुर्चीवर बसण्याची ढब ओळखीची होती. खानदेशातील प्रेक्षकाला हा माणूस दुभाष्याविना कळत होता, याचे कारण हे आहे.

जब्बार पटेल दिग्दर्शित आणि विजय तेंडुलकर लिखित ‘सामना’ हा चित्रपट १९७५ साली बर्लिन आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. त्यातील हिंदुराव धोंडे पाटील हा या साऱ्याचा कळस. डॉ. श्रीराम लागू यांनी रंगवलेल्या भणंग मास्तरांना तो आश्रय देतो, दारू पाजतो आणि स्वतःचे साम्राज्य कौतुकाने दाखवतो. मारुती कांबळे नावाच्या माणसाचे काय झाले, हा मास्तरांचा प्रश्न पाठ सोडत नाही तसतसा हिंदुरावाचा आत्मविश्वास थोडाथोडा ढासळत जातो. निळूभाऊंनी हा माणूस केवळ दुष्ट ठेवला नाही. त्याचे आदरातिथ्य खरे वाटते आणि त्याची भीतीही खरी वाटते. त्यामुळेच त्याचा अपराध अधिक अस्वस्थ करतो.

पुढे त्याच दिग्दर्शकाच्या ‘सिंहासन’ (१९७९) मध्ये त्यांनी पत्रकार दिगू टिपणीस साकारला. अरुण साधू यांच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या कादंबऱ्यांवर हा चित्रपट आधारलेला होता. सत्ता गाजवणारा नट येथे सत्तेचा निव्वळ साक्षीदार झाला. मंत्रालयातील डावपेच जवळून पाहणारा, सर्व जाणणारा आणि काहीच बदलू न शकणारा दिगू त्यांनी बहुतांशी डोळ्यांनी उभा केला. त्याआधी १९७२ मध्ये ‘सखाराम बाइंडर’ या वादळी नाटकात त्यांनी सखाराम रंगवला होता. कमलाकर सारंग दिग्दर्शित हे नाटक परिनिरीक्षण मंडळाच्या आक्षेपांमुळे उच्च न्यायालयापर्यंत गेले. हिंदीत ‘सारांश’ (१९८४) मधील गजानन चित्रे या पुढाऱ्याने मराठी न जाणणाऱ्या प्रेक्षकालाही तीच थंड दहशत दाखवली.

या यशाची किंमतही त्यांनी मोजली. गावोगावच्या स्त्रिया त्यांना पाहून बोटे मोडत, याचे किस्से प्रसिद्ध आहेत. प्रत्यक्षातला माणूस याच्या अगदी उलट होता. सेवा दलाचे संस्कार त्यांनी सोडले नाहीत. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात ते सहभागी राहिले. सामाजिक कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी उभारलेल्या सामाजिक कृतज्ञता निधीकरिता डॉ. लागू आणि अन्य कलावंतांसह त्यांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले. १९९१ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

गावगाड्यातील अन्यायाविरुद्ध उभा राहणारा कार्यकर्ता त्या अन्यायाचाच चेहरा म्हणून ओळखला गेला, यात विसंगती दिसते. पण त्यातच त्यांच्या अभिनयाचे मूळही आहे. ज्या सत्तेशी कार्यकर्ता म्हणून झगडायचे, तिची बोलण्याची, हसण्याची आणि गप्प बसण्याची रीत त्यांनी बारकाईने न्याहाळली होती. नक्कल करणाऱ्यांच्या हाती त्यातला आवाज तेवढा लागला. ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ लागोपाठ पाहिल्यास त्या एकाच आवाजात किती वेगवेगळी माणसे दडली होती, हे आजच्या प्रेक्षकालाही सहज उमजेल.