कार्ड दाखविले, दार उघडले. पण ओळख पटली का?

गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे अलीकडे प्रवेशद्वारावर कार्ड-यंत्रणा बसविण्याचा विषय वारंवार येतो. तीन विक्रेत्यांची दरपत्रके मागविली जातात, सर्वांत कमी दराचे मंजूर होते आणि सदस्यांच्या हाती पांढरी कार्डे पडतात. दर, हमीचा कालावधी, कार्डावरील बोधचिन्ह यांवर मनसोक्त चर्चा होते. दारावरील यंत्र कार्डाला नेमका कोणता प्रश्न विचारते, याची चौकशी मात्र क्वचितच होते. सुरक्षिततेचा सारा प्रश्न तर तेथेच दडलेला असतो.

आरएफआयडी म्हणजे रेडिओ लहरींद्वारे ओळख. दारावरच्या अशा कार्डात सहसा बॅटरी नसते. रीडरच्या अँटेनाभोवती निर्माण होणाऱ्या क्षेत्रातून कार्डातील चिप ऊर्जा घेते आणि त्याच लहरींवर उत्तर देते. १२५ किलोहर्ट्झची व १३.५६ मेगाहर्ट्झची कार्डे सामान्यतः काही सेंटिमीटर अंतरावरून वाचली जातात. वाहनाच्या काचेवरील फास्टॅग ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो व काही मीटरवरूनही वाचता येतो. लांबवरून वाचणारे यंत्र अधिक चांगले, हा समज मात्र दारापुरता चुकीचा आहे. जिन्यावरून सहज जाणाऱ्या सदस्याच्या खिशातील कार्डाने दार उघडणे कोणाच्याच हिताचे नाही.

१२५ किलोहर्ट्झची स्वस्त व सर्वत्र आढळणारी कार्डे केवळ एक ठरावीक क्रमांक उच्चारतात. जो विचारेल त्याला, प्रत्येक वेळी तोच. हा क्रमांक कोऱ्या कार्डावर उतरविणारी हातातील यंत्रे बाजारात अल्प किमतीत मिळतात. घर सोडून गेलेल्या भाडेकरूने कार्ड परत केले, एवढ्यावर समितीने निर्धास्त राहणे म्हणजे किल्ली परत घेऊन साबणावरचा ठसा विसरण्यासारखे आहे.

१३.५६ मेगाहर्ट्झचे मायफेअर क्लासिक कार्ड एक पायरी पुढचे. त्याच्या एक किलोबाइट प्रकारात १६ विभाग असून प्रत्येकास दोन गुप्त किल्ल्या असतात. परंतु त्याची क्रिप्टो-१ ही सांकेतिक पद्धत २००८ मध्ये नेदरलँड्समधील नायमेगन येथील रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी भेदून दाखविली. शिवाय अनेक ठिकाणी कारखान्यातून आलेली किल्ली बदललीच जात नाही. त्याहून खेदाची बाब अशी, की काही रीडर विभागांकडे ढुंकूनही न पाहता कार्डाचा क्रमांकच वाचतात. म्हणजे पैसे तिजोरीचे, उपयोग पेटीचा! डेसफायरसारख्या कार्डाशी एईएस पद्धतीने बोलणारा रीडर मात्र दर वेळी नवा प्रश्न विचारतो व गुप्त किल्लीखेरीज त्याचे उत्तर देता येत नाही. बँकेचे स्पर्शविरहित कार्डही प्रत्येक व्यवहारासाठी नवा संकेत तयार करते, तो याच विचाराने.

छंद म्हणून वा महाविद्यालयीन प्रकल्पासाठी मॉड्यूल घेणाऱ्यांची निवड निराळी. एमएफआरसी५२२ चिपचे मॉड्यूल स्वस्त असून मायफेअर कुटुंबातील कार्डे वाचण्यास व लिहिण्यास पुरेसे आहे, ते ३.३ व्होल्टवर चालते, त्यास ५ व्होल्ट जोडू नयेत. पीएन५३२ अधिक प्रकारची कार्डे ओळखते. लोखंडी दारावर थेट चिकटविल्यास दोन्हींची वाचनक्षमता मंदावते. वाचनालयाच्या पुस्तकांची नोंद ठेवण्यास ही मॉड्यूल्स सोयीची असली, तरी त्यांच्या भरवशावर संस्थेचे मुख्य दार सोपवू नये.

समितीने विक्रेत्यापुढे तीन प्रश्न अवश्य ठेवावेत: रीडर केवळ क्रमांक वाचतो की गुप्त किल्ली तपासतो? ती किल्ली कोण ठरविणार व कोणाच्या ताब्यात राहणार? रीडरपासून नियंत्रकापर्यंतच्या तारेतील माहिती सांकेतिक आहे का? जुन्या वीगँड पद्धतीत ती उघडीच जाते. ओएसडीपी पद्धतीत ती सुरक्षित ठेवण्याची सोय आहे. उत्तरे लेखी घ्यावीत आणि मागणी नोंदविण्यापूर्वी एक नमुना कार्ड नक्कल करणाऱ्या कारागिराकडे पाठवून पाहावे. वीज गेल्यावर आतून दार हाताने उघडते की नाही, हेही त्याच दिवशी तपासावे.