जुन्या लॉरीची मंद चाल

लॉरी रस्त्यानें धांवते, ओझें वाहते, घाटही चढून जाते. परंतु दाराशीं येऊन उभी राहिली कीं तिचें एंजिन दोन-चार आचके देऊन बंद पडतें. आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत अशी एक फार्गो लॉरी आहे. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यांत, क्रायस्लर या अमेरिकन कंपनीच्या सहकार्यानें, १९४७ पासून डॉज व फार्गो गाड्या जुळविल्या जाऊं लागल्या. त्यांच्याच वंशांतील ही. अशा पुष्कळ गाड्यांत पुढें डिझेल एंजिनें बसविलीं गेलीं. हिचें मूळचें सहा सिलिंडरचें पेट्रोल एंजिन मात्र कायम आहे. एका मिस्त्रीनें कारब्युरेटर निकामी ठरविला, दुसऱ्यानें एंजिनच उतरविण्याचा सल्ला दिला, आणि घरांतील तरुण मंडळी ती मोडींत काढावी असें म्हणूं लागली. निकाल देण्यापूर्वीं दोष कोठें आहे हें तरी पाहावें, असें वडील मंडळींचें म्हणणें पडलें. आमच्या मतें तें रास्तच होतें.

हा दोष समजण्यास कारब्युरेटरचें कार्य ध्यानांत आणलें पाहिजे. एंजिन वेगानें चालतें तेव्हां कारब्युरेटरच्या अरुंद गळ्यांतून हवा जोरानें ओढली जाते व मुख्य जेटांतून पेट्रोल आपल्याबरोबर घेऊन जाते. गाडी उभी असतां थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटलेली असते; गळ्यांत हवेला वेग नसतो, आणि मुख्य जेट मुका होतो. त्या वेळीं एंजिनाला लागणारें पेट्रोल चकतीच्या कडेशीं असलेल्या एका बारीक छिद्रांतून, केवळ एंजिनाच्या ओढीनें येतें. म्हणून जी गाडी वेगांत उत्तम व ‘स्लो’वर मृतप्राय असते, तिचा मुख्य जेट बहुधा निर्दोष असतो, एक तर हा लहान मार्ग कचऱ्यानें तुंबलेला असतो, नाहीं तर भलत्याच ठिकाणाहून हवा आंत शिरत असते.

तथापि स्क्रूड्रायव्हर हातीं घेण्याची घाई करूं नये. कारब्युरेटरच्या माथीं मारले जाणारे अनेक दोष वस्तुतः इग्निशनचे असतात. प्लग, पॉइंटांतील अंतर, ठिणगीची वेळ व व्हॉल्व्हची ढील हीं आधीं पाहावीं. तीं बिघडलेलीं असतां कारब्युरेटर जुळविणें म्हणजे तुटक्या तारेची सतार लावीत बसणें होय.

मग हवेकडे वळावें. इनटेकच्या नळीवर जोडतां येणारा व्हॅक्यूम गेज मिळाल्यास फार काम होतें. समुद्रसपाटीवर निरोगी एंजिन ‘स्लो’वर असतां त्याचा कांटा पाऱ्याच्या सुमारें १७ ते २१ इंचांवर स्थिर राहतो. प्रत्येक हजार फूट उंचीस अदमासें एक इंच वजा होतो. पुण्यास दोनेक इंच व महाबळेश्वरीं चारांहून अधिक इंच कमी दिसले तर घाबरण्याचें कारण नाहीं. कांटा स्थिर पण बराच खालीं असेल तर ठिणगी उशिरा पडत असावी किंवा हवा शिरत असावी. ठराविक अंतरानें झटका घेत असेल तर संशय व्हॉल्व्हवर घ्यावा. हवा शिरण्याच्या जागा ठरलेल्याच असतात: कारब्युरेटरखालचें पॅकिंग, इनटेकचे सांधे, थ्रॉटलचा झिजलेला दांडा, आणि जुन्या गाड्यांत एंजिनाच्याच ओढीवर चालणाऱ्या वायपरची रबरी नळी. उपर्युक्त फार्गोचें दुखणें या नळीतच निघालें. ती वाळून चिरली होती. चिमट्यानें दाबतांच एंजिन शांतपणें चालूं लागलें. वीतभर रबरी नळीसाठीं सबंध लॉरी भंगारवाल्याच्या दारीं जाणार होती!

तुंबलेला जेट तारेनें टोकरूं नये. पितळ मऊ असतें, छिद्र रुंदावतें, आणि मग पेट्रोल कायमचेंच अधिक जातें. दाबाच्या हवेनें तो साफ करावा. पेट्रोल वर येऊन वाहत असेल तर सुईच्या झडपेंत कण अडकला असेल अथवा फ्लोटास भोंक पडलें असेल. फ्लोट कानाशीं हलवावा. आंत पेट्रोल खळखळलें कीं निदान झालें.

शेवटीं जुळवणी. एंजिन पुरतें तापलेलें व चोक पूर्ण उघडा असावा. मिश्रणाचा स्क्रू अलगद बसवून, साधारण दीड फेरा उलटा फिरवून आरंभ करावा. जोरानें आवळल्यास त्याच्या टोकास खांच पडते. बहुतेक कारब्युरेटरांत हा स्क्रू आंत घेतल्यानें पेट्रोल कमी होतें, परंतु कांहींत तो हवेचा असतो व परिणाम उलट होतो. म्हणून गेजचा कांटा जेथें सर्वांत वर व स्थिर राहील तेथें थांबावें. मग थ्रॉटलच्या स्क्रूनें वेग उतरवावा आणि पुन्हां एकवार मिश्रण पाहावें. हें सारें उघड्या अंगणांत करावयाचें. मिटलेल्या गराजमध्यें चालत्या एंजिनांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायु रंगहीन व गंधहीन असतो, आणि घुसमट जाणवण्यापूर्वींच माणसाची शुद्ध हरपूं शकते. ज्या वाड्यांत गराजला लागूनच निजण्याची खोली आहे, तेथें तर ही गोष्ट लहानथोरांस सांगून ठेवावी.

आजच्या पेट्रोलाविषयीं एक सूचना. २०२५ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल सर्रास मिळतें. त्यांत प्राणवायु असल्यानें जुन्या जेटांतून मिश्रण थोडें हलकें पडतें; एंजिन कारब्युरेटरांतून उलट फटफटलें तर तें त्याचेंच चिन्ह असूं शकतें. तें पाणी शोषून घेतें, टाकींतील जुना गाळ सोडवितें व पंपाच्या जुन्या रबरी पडद्यास फुगवितें. लॉरी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी व फ्लोटाची वाटी रिकामी करून ठेवावी, आणि दसऱ्यास गाडी बाहेर काढण्यापूर्वीं फिल्टर साफ करावा.