चालताना अडतो, सायकलवर धावतो!

चालणे आणि सायकल चालवणे, दोन्ही कामे पायांचीच. त्यांतले चालणे आपण तान्हेपणीच शिकतो. सायकल शिकताना मात्र गुडघे फोडून घेतो. मग ज्याला चार पावलेही धड टाकता येत नाहीत, त्याला सायकल चालवता येईल का? तुम्ही म्हणाल, "छे, कसे शक्य आहे?" नेदरलँड्समधील एका डॉक्टरांनाही प्रथम तसेच वाटले होते.

नायमेगन शहरातील मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. बास ब्लूम यांच्याकडे ५८ वर्षांचे एक गृहस्थ आले. त्यांना १० वर्षांपासून पार्किन्सनचा विकार होता. चालू लागले की त्यांचे पाय जणू जमिनीला चिकटत आणि आधार नसला तर ते पडत. आणि हेच गृहस्थ सांगू लागले, की मी कालच १० किलोमीटर सायकल चालवली! डॉक्टरांचा विश्वास बसेना. त्यांनी प्रत्यक्षच पाहायचे ठरवले. गृहस्थ सायकलवर बसले आणि सराईतपणे निघाले. तोल सांभाळला, वळणही घेतले. पण खाली उतरताच पाय पुन्हा थिजले! ही हकिगत २०१० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात चित्रफितीसह प्रसिद्ध झाली.

असे का व्हावे? त्यासाठी आधी हा विकार समजून घेऊ. इंग्लंडमधील डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली त्याचे वर्णन केले. आपल्याकडे त्याला कंपवात म्हणतात. मेंदूच्या मध्यभागी एका काळसर पट्ट्यातील पेशी डोपामीन नावाचे रसायन तयार करतात. या विकारात त्या पेशी हळूहळू मरतात आणि डोपामीन कमी पडते. हात थरथरतात, स्नायू ताठरतात, हालचाली मंदावतात. म्हणजे बिघाड पायांत नसतो. तो पायांना हुकूम देणाऱ्या यंत्रणेत असतो.

तुम्ही शाळेत चालत जाताना 'आता डावा, आता उजवा' असे म्हणता का? नाही. ते काम मेंदूच्या खोल भागातील पेशींचे पुंज परस्पर करतात. डोपामीन कमी पडले की नेमके हे आपोआप होणारे कामच अडते.

आता एक सोपा प्रयोग करा. सायकल स्टँडवर लावा आणि एक पायडल हाताने खाली दाबा. दुसरे आपोआप वर येते. म्हणजे सायकलवर एक पाय खाली गेला की दुसऱ्याला उचलावेच लागते! पुढच्या हालचालीची सूचना मेंदूऐवजी पायडल देते, तीही ठेक्यात. शिवाय शरीराचा भार सीटवर असतो. तो एका पायावरून दुसऱ्यावर घ्यावा लागत नाही. त्यामुळे मेंदूला बिघडलेली वाट टाळून दुसऱ्या वाटेने काम करता येत असावे, असे शास्त्रज्ञांचे अनुमान आहे. याला पुष्टी देणारी आणखी एक गोष्ट आहे. जमिनीवर आडव्या रेघा आखल्या, तर त्या ओलांडत असे काही रुग्ण बरे चालतात. तेथे सूचना रेघ देते.

२००९ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील संशोधकांनी आणखी पुढचा प्रयोग प्रसिद्ध केला. रुग्णांना दोघांनी मिळून चालवायच्या, पण जागेवरच फिरणाऱ्या सायकलवर बसवले. जोडीला शिक्षक होता. त्यामुळे पायडलचे मिनिटाला ८० ते ९० फेरे होऊ लागले. रुग्ण एकटा असता तर वेग याहून बराच कमी राहिला असता. आठ आठवड्यांनंतर या रुग्णांच्या हालचालींत ३५ टक्के सुधारणा दिसली. मात्र प्रयोगात अवघे १० रुग्ण होते, हे विसरू नका. व्यायामाने हा विकार समूळ बरा होत नाही आणि औषधेही सोडता येत नाहीत.

धोकाही लक्षात घेतला पाहिजे. सायकलवर चढणे, उतरणे आणि अचानक थांबणे या रुग्णांना अवघड जाते. गर्दीच्या रस्त्यावर तर ते जिवावर बेतू शकते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने घरात जागेवर फिरणारी सायकल वापरणे बरे.

सायकलचा उपयोग निदानासाठीही होतो. कंपवातासारखेच दिसणारे, पण वेगळे असे काही विकार आहेत. त्यांत तोल लवकर जातो आणि सायकल सुटते. २०११ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की अशा रुग्णांपैकी निम्म्या जणांनी सायकल सोडली होती. खऱ्या पार्किन्सनच्या रुग्णांपैकी मात्र अगदी थोड्यांनी.

तेव्हा तुमच्या घरी किंवा शेजारी असे कोणी आजोबा असतील, तर 'यांना आता काहीच जमणार नाही' असे ठरवून मोकळे होऊ नका. त्यांना एकच विचारा, "आजोबा, तुम्ही पूर्वी सायकल चालवत होता? शेवटची केव्हा चालवलीत?" आणि ते जे सांगतील, ते त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.