बिनकामाची फेरी

आमच्या घरात गेले दोन महिने एका गाडीवरून शीतयुद्ध चालू आहे. गाडी म्हणजे मोटरसायकल. १९८५च्या नोव्हेंबरात बँकेकडूनच कर्ज काढून घेतलेली येझदी. पंधरा वर्षं झाली की अशा गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करून घ्यावी लागते, आणि ती मुदत पुढच्या महिन्यात संपते आहे. मुलाचं म्हणणं, "बाबा, आता पुरे." त्याचा हिशेब साधा आहे. माझं वय सदुसष्ट, गाडीचं चाळीस. दोघांनी मिळून शंभरी केव्हाच ओलांडली. सौभाग्यवती काही बोलत नाहीत. त्या फक्त माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा कागद फायलीतून काढून जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीखाली ठेवून देतात.

बँकेत छत्तीस वर्षं काढल्यामुळे मला एक खोड आहे. कुठल्याही खात्याचा निकाल लावायचा, तर आधी जागेवर जाऊन तपासणी करायची. म्हणून एका मंगळवारी सकाळी सहाला गाडी बाहेर काढली. मंगळवार अशासाठी, की शनिवार-रविवारी पुण्याच्या आसपासचा प्रत्येक घाट पुण्याहून आलेल्या माणसांनीच भरलेला असतो. कुठं जायचं हे ठरवावं लागलं नाही. भोर, हिरडस मावळ, वरंधा घाटाच्या माथ्यावरचं वाघजाईचं देऊळ आणि परत. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरच्या आत. दिवस मावळायच्या आत घरी, एवढी एकच अट घरातून होती. समोरून येणाऱ्या दिव्यांनी हल्ली डोळे दिपतात, तेव्हा ती मीही बिनतक्रार मान्य केली.

येझदी ज्यांनी चालवली नाही त्यांच्यासाठी एक सांगतो. हिची किक आणि गिअरचा दांडा एकच. दांडा आत दाबून वर फिरवायचा, की त्याची किक होते. गाडी सुरू झाली की तोच पुन्हा खाली आणायचा, मग तो गिअर. एकाच कारकुनाला दोन टेबलं द्यावीत तसा हा प्रकार. इंजिन एकच, पण सायलेन्सर दोन. म्हैसूरचा तो कारखाना १९९६ साली बंद पडला. अलीकडे त्या नावाच्या नव्या गाड्या निघाल्या आहेत, पण त्यांचा आवाज वेगळा. हा आवाज लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

कात्रजचा जुना बोगदा ओलांडला की खाली धुकं असतं. महामार्गाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. टोलनाक्यावर दुचाकीला पैसे पडत नाहीत, आणि मोठमोठ्या गाड्यांच्या रांगेशेजारून फुकटात पुढं जाताना या वयातही बरं वाटतं. कापूरहोळला उजवीकडे वळलो आणि खरा रस्ता सुरू झाला.

भोरच्या अलीकडे नीरा नदी एका ठिकाणी अशी वळते, की वरून गळ्यातल्या हारासारखी दिसते. तिथं हल्ली लोक थांबून फोटो काढतात, सिनेमावाले येतात. मी तिथं गाडी लावली आणि दहा मिनिटं नुसता उभा राहिलो. मग लक्षात आलं, की १९८५ ते १९८८ या तीन वर्षांत मी या वळणावरून शेकडो वेळा गेलो असेन, पण एकदाही थांबलो नव्हतो. भाटघरच्या धरणाच्या दगडी भिंतीकडेही त्या काळात कधी मान वळवून पाहिल्याचं आठवत नाही. मी तेव्हा भोर तालुक्यातल्या आमच्या शाखेत शेती-अधिकारी होतो. गाडीच्या टाकीवर चामड्याची बॅग, बॅगेत थकबाकीची यादी. डोळ्यांपुढं फक्त आकडे.

भोरला राजवाड्याच्या बाजूला मिसळ खाल्ली आणि महाडच्या रस्त्याला लागलो. निगुडघर मागं पडलं, की नीरा-देवघर धरणाचं पाणी दिसायला लागतं. ऑक्टोबरातलं पाणी, काठोकाठ. उतारांवर सोनकी अजून टिकून होती, खाचरांतलं भात लोंब्यांनी वाकलं होतं, वरच्या अंगाला नाचणी. हा बाजीप्रभूंचा मुलूख. डोंगरात हिरड्याची झाडं पुष्कळ. त्यावरूनच हिरडस हे नाव पडलं, असं इथले लोक सांगतात. रस्ता पाण्याला धरून वळत जातो आणि प्रत्येक वळणावर तेच पाणी निराळ्या रंगाचं होऊन पुढं येतं. गाडी चाळीसच्या वर नेली नाही. एकट्यानं जाण्याचा हाच फायदा. मागं कुणी बसलेलं असलं, की माणूस रस्ता दाखवायला लागतो. एकटा असला की बघतो.

पण माझं बघणं तितकं निर्मळ नव्हतं. या पाण्याच्या तळाशी एक वाडी आहे. मी तिथं वसुलीला जात असे.

तो जमाना आय.आर.डी.पी.चा. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम हे त्याचं लांबलचक नाव. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला म्हैस, शेळ्या, शिलाई यंत्र असं काहीतरी घेऊन द्यायचं. थोडी रक्कम सरकारचं अनुदान, बाकीचं बँकेचं कर्ज. भूमिहीनाला अनुदान एक तृतीयांश. म्हशीचा विमा काढायचा आणि कानात विमा कंपनीचा बिल्ला ठोकायचा. म्हैस मेली तर तो बिल्ला आणि जनावरांच्या डॉक्टरचा दाखला जोडल्याशिवाय दावा मंजूर होत नसे. या बिल्ल्यांच्या कथांवर एक विनोदी पुस्तक होईल. एकाच म्हशीवर तीन शाखांचं कर्ज मी पाहिलं आहे. नुसता कान कापून रुमालात बांधून आणणारे बहाद्दर पाहिले आहेत. त्यामुळे आम्ही सगळ्यांकडेच संशयानं बघायला शिकलो होतो.

त्या वाडीतल्या एका विधवा बाईला मीच म्हैस मंजूर केली होती. साडेतीन हजारांची. १९८६च्या श्रावणात ती म्हैस ओल्या उतारावरून घसरून ओढ्यात गेली आणि ओढा तिला नदीत घेऊन गेला. जनावर सापडलं नाही, त्यामुळे बिल्लाही नाही. बाई दोनदा शाखेत येऊन गेली. सरपंच आणि तलाठी यांच्यासमोर पंचनामा करून, मी जातीनं चौकशी केली असं एक पत्र जोडलं असतं, तर दाव्याचा विचार होण्यासारखा होता. शाखेचं ऑडिट तोंडावर होतं. मी ते पत्र लिहिलं नाही. कागदावर लिहिलं, 'बिल्ला सादर केला नाही, सबब दावा पाठवता येत नाही.' आणि मग वसुलीला मीच गेलो. एकदा, दोनदा, तीनदा.

तिसऱ्या वेळी तिनं पैसे दिले. तांब्याचा हंडा आणि घागर विकून आणले होते. मी मोजून घेतले, पावती दिली. त्या मार्चअखेर आमच्या शाखेच्या वसुलीची टक्केवारी चांगली लागली आणि मला वरून शाबासकीचं पत्र आलं. १९९० साली दहा हजारांपर्यंतची थकीत ग्रामीण कर्जं माफ करण्याची योजना आली. माझी तोपर्यंत विदर्भात बदली झाली होती. तिथं लाभार्थींच्या याद्या करताना माझ्या मनात भोरच्या शाखेतली यादी उलगडत होती. गाडीचा आवाज आला की जे डोंगरात पळून जायचे, त्या सगळ्यांची नावं तिथल्या यादीत असणार. हिचं नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. तिचं खातं मी पुरं वसूल केलं होतं.

मी सहा कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत बँक आली, भोर आलं, ही येझदीसुद्धा आली. ती बाई कुठंच आली नाही.

शिरगावजवळ नीरा उगम पावते. तिथून पुढं घाट. पावसाळ्यात दरडींमुळे तो अधूनमधून बंद ठेवतात, त्यामुळे रस्त्याकडे डोळ्यांत तेल घालून बघत होतो. वाघजाईपाशी पोचलो तेव्हा इंजिन चांगलंच तापलं होतं. देवीला हात जोडले, कांदाभजी खाल्ली, त्यातली दोन एका माकडानं हक्कानं नेली. कठड्यापाशी उभं राहिलं की सह्याद्री एकदम संपतो आणि खाली कोकण सुरू होतं. याच दरीच्या कुशीत शिवथरघळ. समर्थांनी दासबोध सांगितला ती जागा. आमच्या वेळी मी इथंवर कधी आलोच नव्हतो. आमच्या शाखेची हद्द त्याच्या अलीकडेच संपत असे.

परतताना पाण्याच्या वरच्या अंगाला रस्त्याकडेला पत्र्याची एक टपरी दिसली. चहासाठी थांबलो. टपरीवाला पन्नाशीच्या आतला. तो बाहेर येऊन उभाच होता.

"सकाळी वर गेली तवाच म्हनलं, ह्यो आवाज वळखीचा हाय," तो म्हणाला. "येताना थांबंल म्हनून वाट बघत हुतो. तुमी ब्यांकेचं सायेब न्हवं?"

मी हेल्मेट काढलं. "ओळखलंत?"

"तोंड न्हाई वळखलं. गाडी वळखली." आणि तो हसत सुटला. मग सगळं सांगितलं. तो तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. वाडीच्या वर एक कातळ होता. त्यावर पोरांना बसवून ठेवलेलं असे. खालच्या वळणावर दोन सायलेन्सरांचा आवाज आला, की पोरं ओरडायची, "आली रं आली!" आणि बापे डोंगरात. पोरांना बक्षीस म्हणून गुळाचा खडा. "तुमी आलासा की आमाला ग्वाड मिळायचं," तो म्हणाला. नोकरीत असताना माझी एवढी सरळ प्रशंसा कुणी केली नव्हती.

मी त्या बाईचं नाव विचारलं. ती त्याची चुलती लागत होती. धरणात वाडी उठली तेव्हा ती मंडळी फलटणच्या बाजूला गेली. मुलाला तिकडं जमीन मिळाली. ती वारली, त्याला आठ वर्षं झाली. हा मात्र गाव सोडून राहिला नाही. दोन वर्षं तिकडं काढली आणि परत येऊन वरच्या अंगाला घर बांधलं.

"बँकेचं काही बोलायच्या का कधी?" मी विचारलं. विचारायला नको होतं असं लगेच वाटलं.

"बोलायची की. समद्यास्नी सांगायची, वाडीत येक आमचंच खातं कोरं हाय. बाकीच्यांना माफी मिळाली, आमाला माफी लागली न्हाई." मला थोडं हलकं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात तो चहा गाळता गाळता म्हणाला, "आन हंड्याचंबी सांगायची. त्यो तिच्या आयनं लग्नात दिल्याला. मरंस्तवर सांगत हुती."

खाली पाणी होतं. आम्ही दोघंही थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसलो.

मग त्यानंच विषय बदलला. टपरीला शीतपेट्या घ्यायच्या होत्या, बाजूला दोन खोल्या काढायच्या होत्या. मुद्रा कर्जासाठी एका शाखेत तीन वेळा जाऊन आला होता, दर वेळी 'पुढच्या आठवड्यात या'. कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फळीवर ठेवली होती. मी ती मागून घेतली. अर्ज अर्धवट होता, खर्चाचा अंदाज जोडलेला नव्हता, रोजच्या विक्रीची कुठं नोंद नव्हती. त्याच्या पोरीची शाळेची वही घेतली आणि बसलो लिहायला. पर्यटकांचे महिने किती, पावसाळ्यात घाट बंद असताना विक्री किती उतरते, हप्ता कुठल्या महिन्यांत जास्त ठेवायचा. शेवटी शाखाधिकाऱ्याच्या नावानं एक पत्र. मी निवृत्त अधिकारी, जागेवर जाऊन पाहणी केली आहे वगैरे. त्या पत्राला कायदेशीर किंमत शून्य, हे मला ठाऊक आहे. ते वाचणारा अधिकारी पंचविशीचा असेल आणि त्याचंही ऑडिट तोंडावर असेल. तरी सही केली, खाली जुना कर्मचारी क्रमांकसुद्धा घातला. या सगळ्यात दीड तास गेला.

मग व्हायचं तेच झालं. गाडी सुरू होईना. सात किका मारल्या, आठव्या वेळी गुडघा बोलला. शेवटी टपरीवाला आणि त्याची पोरगी यांनी मागून ढकलत उतारापर्यंत नेली. दुसऱ्या गिअरला क्लच सोडला आणि दोन्ही सायलेन्सर एकदम खणखणले. मागून पोरगी काहीतरी ओरडली. आवाजात नीट ऐकू आलं नाही.

भोरलाच पाच वाजले. कापूरहोळला दिवे लागले. कात्रजच्या बोगद्यात समोरून ट्रक आला तेव्हा मी सरळ कडेला थांबलो आणि तो जाईपर्यंत डोळे मिटून घेतले. घरी पोचायला सव्वासात झाले. दार मुलानं उघडलं. तो काही बोलला नाही, फक्त घड्याळाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी आर.टी.ओ.चा नोंदणीचा फॉर्म आणला. तो सध्या जेवणाच्या टेबलावर आहे, लोणच्याच्या बरणीखाली, त्या दुसऱ्या कागदाच्या वर. अजून भरलेला नाही.