समीकरणाचा ताळा

३क्ष + ७ = २२. सातवीतील विद्यार्थी तत्परतेने सांगतो, ‘सात पलीकडे गेले की वजा होतात.’ उत्तर ५ हे बरोबर येते. परंतु सात वजा का होतात, हे त्याला सांगता येत नाही. वस्तुतः समीकरण हा तराजू आहे. दोन्ही पारड्यांतून ७ काढावे, मग दोहोंना ३ ने भागावे, एवढेच त्यातील मर्म. ते न उमगता घोकलेला नियम परीक्षेपुरताच टिकतो. पुढे हाच मुलगा स्थिर आकार आणि प्रतियुनिट दर यांनी बनलेले विजेचे बिल निमूटपणे भरतो. सराव हवाच, मात्र दहांऐवजी पाचच उदाहरणे सोडवावीत, पण प्रत्येक उत्तर मूळ समीकरणात घालून ताळा घ्यावा. ज्याला स्वतःचे उत्तर पडताळता येते, त्यालाच दुसऱ्याचा हिशेब तपासता येतो.