ग्रहणाची भीती गेली, डोळ्यांची काळजी राहू द्या

ग्रहण लागले की गावकुसाबाहेरच्या माणसांना ‘दे दान, सुटे गिराण’ म्हणत दारोदार फिरावे लागे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेऊन आपण असल्या रूढींकडे पाठ फिरवली. आज ग्रहणात आपल्या घरी चूल पेटते, गरोदर बाई भाजी चिरते. त्याने बाळाला काहीही होत नाही. पण सुतक पाळायचे नाही, म्हणून उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहायचे, असे नाही.

२ ऑगस्ट २०२७, सोमवारी दुपारनंतर महाराष्ट्रात खंडग्रास सूर्यग्रहण आहे. देवगाव फाट्यावरही सूर्याचा काही भागच झाकेल. उरलेला सूर्य डोळ्याच्या मागचा पडदा जाळू शकतो. त्या पडद्याला वेदना कळत नाहीत, म्हणून पोर बघतच राहते. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी नजरेच्या मधोमध काळा डाग दिसतो, अक्षरे वाकडी दिसतात. यावर खात्रीचा इलाज नाही. कधी नजर सुधारते, कधी कायमची अधू राहते.

एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी, साधा गॉगल चालत नाही. परातीतल्या पाण्यातले प्रतिबिंबही बघू नये. वेल्डिंगच्या दुकानातली रोजची काच बहुधा १०-११ नंबरची असते. ग्रहणाला १४ नंबरची लागते. ग्रहणाचा चष्मा आयएसओ १२३१२-२ प्रमाणाचा, ओरखडे नसलेला घ्या. तो लावूनही दुर्बिणीतून पाहू नका. आषाढातल्या विरळ ढगांवर विसंबू नका.

बिनखर्चाचा उपाय असा: वहीच्या पुठ्ठ्याला टाचणीने बारीक भोक पाडा. सूर्याकडे पाठ करून पुठ्ठा उन्हात धरा आणि हातभर अंतरावर, त्याच्या सावलीत पांढरा कागद धरा. कागदावर खाल्लेल्या भाकरीसारखा छोटा सूर्य उमटेल. भोकातून सूर्याकडे मात्र पाहायचे नाही. पीठ चाळायच्या चाळणीऐवजी मोठ्या भोकांची चाळणी धरली तर असे कितीतरी सूर्य जमिनीवर दिसतात.

पाहिल्यानंतर नजर अंधूक वाटली तर मध, गुलाबपाणी, अंगावरचे दूध डोळ्यांत घालू नका. सेलूच्या किंवा परभणीच्या सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर वस्तीतली मुले विहाराच्या अंगणात जमवा. मोठ्यांनी सोबत थांबावे, पुठ्ठे वाटावेत आणि चंद्राची सावली कशी पडते ते समजावून सांगावे.