राजीखुशीचा कथाखेळ

नाटकाचे संवाद लेखक लिहितो, नट ते पाठ करतात आणि प्रेक्षक समोर बसून पाहतात. यांपैकी एकही गोष्ट ज्यात नाही आणि तरीही जी कथाच आहे, अशा एका प्रकाराविषयी येथे लिहावयाचे आहे. दहा-पंधरा जण एका खोलीत जमतात. प्रत्येकाला एकेका पात्राची चिठ्ठी मिळते आणि पुढचे दोन तास प्रत्येकजण त्या पात्राच्या वतीने बोलतो, भांडतो, तडजोड करतो. पाहणारा कोणी नाही. शेवट काय होणार हे खेळ रचणाऱ्यालाही ठाऊक नसते. याला मराठीत रूढ असे नाव नसल्याने मी ‘कथाखेळ’ म्हणतो.

प्रकार परका वाटला तरी आपण सर्वांनी तो लहानपणी खेळलेला आहे. भातुकलीत ‘तू सासू, मी सून’ एवढे ठरले की संसार सुरू होतो. कोकणातल्या दशावतारातही संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरवून घेतात आणि नट उभ्या-उभ्या बोलतात; मात्र दैत्य मरणार हे तेथे पोराटोरांनाही माहीत असते. अमेरिकेत १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ निघाला. पुढे खेळणारे टेबलावरून उठून प्रत्यक्ष वावरू लागले. आपल्याकडे संसदीय कार्य मंत्रालयाने १९६६-६७ मध्ये दिल्लीच्या शाळांत सुरू केलेली युवा संसद स्पर्धा याच कुळातली म्हणता येईल. पण तेथे प्रश्न आणि उत्तरे दोन्ही आधी बसवून घेण्याची प्रथा आहे, त्यामुळे उरते ते केवळ वक्तृत्व.

मराठी व कन्नड विभागांतील चौदा जणांसाठी आम्ही एक कथाखेळ रचला. विषय शोधत बसावे लागले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची तीन राज्यांत वाटणी झाली, हे येथल्या मराठी आणि कन्नड घरांतून आजही ऐकू येते. एकट्या बीदर जिल्ह्याचेच तीन भाग झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्र प्रदेशात, आणि खुद्द बीदर म्हैसूर राज्यात. आमची कथा त्याआधीच्या ऑक्टोबरातली. काचीगुड्यातील एका वाड्यात बीदरकडचे एक मोठे कुटुंब, त्यांचे भाडेकरू आणि एक किराणा दुकानदार राहतात. रात्री नऊच्या आत प्रत्येकाने एका कागदावर लिहून द्यायचे: मी कोठे जाणार? (सरकारी नोकरांची खरी वाटणी सरकारी नियमांनी झाली, हा कागद आमच्या खेळापुरता.)

चिठ्ठीत काय लिहावे आणि काय लिहू नये, यातच सारी कला आहे. तू कोण, तुला काय हवे, तुझ्याजवळ कोणती गोष्ट आहे जी इतरांना ठाऊक नाही, आणि काय गमावण्याची तुला धास्ती आहे, एवढे पुरे. ‘तुला फार वाईट वाटते’ किंवा ‘तू शेवटी क्षमा करतोस’ असे लिहिले की खेळणाऱ्याला करण्यासारखे काही उरत नाही; तो पुन्हा नट होतो.

दुसरा नियम आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांना लवकर कळेल. जमा आहे तेथे नावे असलेच पाहिजे. धाकट्या भावाच्या चिठ्ठीत ‘दुकानदाराचे दोनशे रुपये देणे आहे’ असे असेल तर दुकानदाराच्या चिठ्ठीत ते येणे दिसलेच पाहिजे. पैशांचेच नव्हे, तर वचनांचे, रागाचे, गुपितांचेही असेच. आम्ही एका मोठ्या कागदावर चौदा आडव्या व चौदा उभ्या ओळी आखल्या आणि कोणाचे कोणाशी काय काम आहे ते चौकोनांत भरले. ज्या पात्राच्या ओळीत तीनपेक्षा कमी चौकोन भरले, ते पात्र दोन तास भिंतीला टेकून बसणार हे नक्की. अशा दोन पात्रांना एकत्र करून एक केले. ताळेबंद जुळल्याचा आनंद मला अकाउंटन्सीच्या तासाला कधी इतका झाला नव्हता.

भाषेचाही उपयोग झाला. भालकीहून आलेले शेताविषयीचे पत्र आम्ही कन्नडमध्ये लिहिले आणि ते ज्याच्या नावचे, त्या थोरल्या काकांचे काम मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला दिले. माझ्यासारखेच त्याचे होते: घरी कन्नड बोलायचे आणि अक्षरापाशी अडखळायचे. पत्र वाचून घेण्यासाठी त्याला कोणाची तरी विनवणी करावी लागली आणि वाचणाऱ्या भाडेकरूने दोन ओळी गाळल्या. हे आम्ही कोठेही लिहिलेले नव्हते. रात्री नऊला चौदांपैकी तेरा कागद भरून आले. धाकट्या सुनेचा कोरा होता. तिला कोणी विचारलेच नव्हते, असे ती म्हणाली, आणि ते खरे होते.

आता मुख्य मुद्दा. असा खेळ खेळणाऱ्याच्या राजीखुशीवर उभा असतो, आणि ती राजीखुशी सुरुवातीला एकदा घेऊन भागत नाही. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे १९६७ मध्ये रंगभूमीवर आलेले नाटक या दृष्टीने पुन्हा वाचावे. वेळ घालवण्यासाठी मंडळी लटका खटला उभा करतात, बेणारेला तिच्या पाठीमागे ठरवून आरोपी करतात, आणि आरोप ठेवतात भ्रूणहत्येचा. ती निघू पाहते तेव्हा दार बाहेरून लागलेले असते. कथाखेळ कसा रचू नये याचा याहून नेमका धडा मला माहीत नाही. आरोपीची निवड तिला न विचारता, मजकूर तिच्या खाजगी आयुष्यातून घेतलेला, आणि बाहेर पडायला वाट नाही. १९७१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्यार्थ्यांना दिवसाला १५ डॉलर देऊन कैदी व पहारेकरी बनवण्यात आले होते. दोन आठवड्यांचा तो प्रयोग सहा दिवसांत बंद करावा लागला. प्रयोग चालवणारे प्राध्यापक झिम्बार्डो स्वतःच तुरुंगाचे अधीक्षक झाले होते. थांबवणारा माणूस खेळाच्या बाहेर असला पाहिजे, तो असा.

म्हणून आम्ही प्रत्येकाला आठवडाभर आधी एकेकट्याने विचारले की कोणता विषय नको. कारण विचारले नाही. थांबण्यासाठी शब्द लहानपणचाच ठेवला, ‘टाइम प्लीज’; तो कोणीही उच्चारला की सर्वांनी गप्प व्हायचे. दार सताड उघडे आणि आमच्यातील एकजण पात्र न घेता दाराशी. एका मुलीने मध्येच ‘टाइम प्लीज’ म्हटले, पाणी प्यायली आणि पाच मिनिटांनी आपणहून परत आली. खेळ संपल्यावर अर्धा तास चहा, आणि चहाआधी प्रत्येकाने स्वतःचे खरे नाव सांगायचे. हे हास्यास्पद वाटेल, पण वाड्यातले भांडण कॅन्टीनपर्यंत जाऊ नये यासाठी ते लागते.

नव्या मुलांना ‘जरा नाटक करून दाखव’ म्हणणारेही त्याला खेळच म्हणतात. त्या खेळात नाही म्हणायची सोय नसते, एवढे एक तपासले तरी फरक कळतो. आंध्र प्रदेशाने त्याविरुद्ध १९९७ मध्ये कायदा केला, तो उगीच नव्हे.

ज्यांना हा खेळ लावायचा असेल त्यांच्यासाठी चौदा चिठ्ठ्यांचा आणि आखलेल्या कागदाचा एक संच ग्रंथालयात ठेवला आहे. दोन तास, एक खोली, चहाचे पैसे, बाकी काही लागत नाही. भालकीचे पत्र मात्र कन्नड विभागातील मित्राकडून वाचून घ्यावे लागेल, आणि तो सगळे वाचतो आहे ना, हे ज्याचे त्याने पाहावे.